मधली वीस वर्षं

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी मला नाव, गाव, नोकरी यातलं काहीही विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "रात्री साडेआठला काय करतेस?"

आता सांगा, एकटी मुलगी, परकं शहर आणि घरमालकाचा पहिला प्रश्न हा! मी आवाज चढवून म्हटलं, "का हो?"

"साडेआठ ते नऊ मिक्सर लावायचा नाही. टीव्हीवर मुंग्या येतात. बादली आपटायची नाही. फोनवर हसायचं तर गच्चीत जाऊन हसायचं. बाकी तू काय कर, मला घेणंदेणं नाही."

मी मूळची पहूरची. जळगावात पाइपच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नवीन लागले होते आणि खोल्या बघून बघून चपला झिजल्या होत्या. कुठे मांसाहार नको, कुठे मैत्रिणी नकोत, कुठे मुलगीच नको. त्यामानाने मिक्सर म्हणजे काहीच नव्हतं. मी लगेच हो म्हटलं आणि आठवड्याभरात, शेंगदाण्याची चटणी करायची म्हणून बरोबर आठ चाळीसला मिक्सर लावला. माझंच डोकं! आबा दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. धापा टाकत म्हणाले, "चटणी महत्त्वाची की तिचं लग्न?"

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे अशा काही कीव आलेल्या नजरेने पाहिलं की मी गॅस बंद करून मुकाट्याने त्यांच्यामागे खाली गेले. त्या दिवसापासून ते घर सोडीपर्यंत मी रोज साडेआठला खालीच असायचे. मालिका म्हणजे रिकामटेकड्या बायकांचं काम, असं मी ऑफिसात सांगत असे. साफ खोटं. लहानपणी पहूरला मी शेजाऱ्यांच्या खिडकीच्या गजांना लोंबकळून मालिका पाहिल्यात, आणि गजाचा वळ गालावर घेऊन घरी मार खाल्लाय.

आबा वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तयार माल तपासायचा, चांगला तो पास, खोटा तो रिजेक्ट, हे त्यांचं जन्मभराचं काम. नोकरी संपली पण ते दोन शब्द काही संपले नाहीत. मालिकेतली सून कणीक मळतेय आणि हातातल्या बांगड्यांना पिठाचा कण नाही, की लगेच, "रिजेक्ट!" एकदा एका मालिकेत केळीचा मळा दाखवला. हीरोने घड खांद्यावर घेतला तो नेमका उलटा, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाला एक डाग नाही. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की तो शर्ट फाटेपर्यंत डाग जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आबा खुर्चीतून उठले. मूळचे ते धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे तापले की थेट अहिराणीत शिरायचे. "हाई बठ्ठं खोटं शे!" म्हणजे हे सगळं खोटं आहे, असं ओरडले आणि त्या भागात पुन्हा बसलेच नाहीत. उभ्यानेच पाहिला. पण पाहिला बरं का पूर्ण.

मालिकांची नावं ते घेत नसत. सातची, साडेसातची, साडेआठची. माणसांची नावंही त्यांनी स्वतःच ठेवलेली. घारी, जिनेवाली आजी, फोनवर ओरडणारा. आणि साडेआठला बसताना धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मी एकदा हसले तर म्हणाले, "ते लोक झोपतानासुद्धा दागिने घालून झोपतात. त्यांच्या दिवाणखान्यात आपण बनियनवर जायचं? लोक काय म्हणतील?"

कोणते लोक, हे विचारायची सोय नव्हती.

नट बदलला की मात्र त्यांचा जीव वरखाली व्हायचा. एके दिवशी साडेसातच्या मालिकेत थोरला जावई दारातून आत आला तो वेगळाच माणूस. सासू म्हणाली, या जावईबापू. बायकोने पाण्याचा तांब्या दिला. आबांनी माझा हात धरला. "अगं, घरात एवढी माणसं, एकालाही कळू नये माणूस बदललाय म्हणून? निदान पोरीला तरी सांगा!" पुढे आठवडाभर ते त्या नव्या जावयाकडे संशयाने बघत होते. त्याने मेहुणीला वाढदिवसाला घड्याळ दिलं तेव्हा कुठे त्याला पास केलं.

कधी लहर लागली की जुन्या मालिकांच्या गोष्टी सांगायचे. फॅक्टरीच्या कॉलनीत यांच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हाच्या. हे कौलांवर अँटेना फिरवतायत, खाली काकू दारात उभ्या राहून ओरडतायत, "आलं! आलं! गेलं! अहो गेलं ना, मागे फिरवा!" आणि अख्खी ओळ चटया घेऊन दारात. "तेव्हाच्या मालिका तेरा भागांत संपायच्या," आबा म्हणायचे. "सगळे आपापल्या घरी सुखी. आता काय, कुणी कुणाला घरी जाऊच देत नाही." काकू माझ्या येण्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर मी बसायचे. पहिल्या दिवशी आबांनीच ती पुढे सरकवली होती.

आणि एक तक्रार. ही त्यांची सगळ्यात मोठी, सगळ्या मालिकांवर सरसकट. "या पोरींना आणायला मुऱ्हाळी का येत नाही?"

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा लेकींचा सण. दिवाळीपेक्षा मोठा म्हटलं तरी चालेल. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आमरस होतो. पण पोरीने आपली आपण पिशवी उचलून यायचं नसतं. माहेरचा माणूस जाऊन तिला मानाने घेऊन येतो. बाप, भाऊ, काका, कुणीही. तो मुऱ्हाळी. साडेआठच्या मालिकेतली मधली सून सासरी नुसती खस्ता खात होती. जिनेवाली आजी तिला टोचायची, घारी तिच्या दुधात काहीबाही मिसळायची. बाप गावी शाळामास्तर, चांगला धडधाकट. आबा रोज त्याची वाट बघायचे. दारावरची बेल वाजली की पुढे सरकून बसायचे. "आला बहुतेक मास्तर." यायचा कोण, तर वकील.

जाहिराती लागल्या की आबांचा फोन वाजायचा. धुळ्याहून त्यांची लेक. एकुलती एक, तिथे शाळेत शिक्षिका. तीही तिकडे साडेआठची बघत असायची. आबांना ऐकू कमी यायचं म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे सगळं माझ्याही कानावर.

"पाह्यलं का आबा? तिचा बाप आजही आला नाही."

"येईल. त्याला काम असेल."

"काम कसलं? हट्टी आहे तो."

"हट्टी नाही. त्याचा अपमान झाला होता साखरपुड्यात. विसरलीस?"

"कुणी केला अपमान? सासऱ्याने केला. पोरीने केला का? मग शिक्षा पोरीला का?"

"चल, लागलं," असं म्हणून आबा फोन ठेवायचे. खूपदा लागलेलं नसायचं. पडद्यावर साबणच चालू असायचा.

मला कळायला वेळ लागला, पण मी काही दगड नाही. एका रविवारी आबा ओट्यावर बसून मेथी निवडत होते, तेव्हा सरळ विचारलं, "आबा, तुम्ही दोघं नक्की कुणाबद्दल बोलता?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला त्यांनी मुऱ्हाळी म्हणून पुतण्याला पाठवलं होतं. आबांना त्या दिवसांत ताप होता. पण धुळ्याच्या व्याह्यांनी चार शेजाऱ्यांसमोर पुतण्याला ऐकवलं, "बापाला यायला पाय दुखतात का? त्यांना हौस नाही तर आम्हालाही पाठवायची हौस नाही." पुतण्या रिकाम्या हाताने परत आला. आबांनी ठरवलं, त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. तेव्हापासून लेक सणावाराला, आजारपणाला नवऱ्यासोबत सकाळी यायची आणि संध्याकाळी परत. मुक्कामाला नाही. आखाजीला तर नाहीच. काकू होत्या तोवर त्यांनी दोघांना सांगून पाहिलं, रडून पाहिलं.

"अहो, तिच्याकडे स्कूटर आहे, पगार आहे," मी म्हटलं. "बसमध्ये बसली की दोन-अडीच तासांत इथे. तिला म्हणा ये."

"म्हटलं होतं. ती म्हणते, आपली आपण यायला मी काय परकी आहे? मला आणायला या."

"मग जा ना!"

"तो व्याही—"

"आबा, हा शुद्ध मूर्खपणा आहे. तुमचाही आणि तिचाही." मी असं तोंडावर बोलते, काय करू. घरी आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही. आबांनी मेथी उचलली आणि म्हणाले, "तू वर जा, तुझा गॅस चालू असेल." गॅस बंद होता. मी गेले.

आणि मग तो शुक्रवार आला.

मधल्या सुनेला घरातून हाकलायचं चाललं होतं. ती उंबऱ्यात उभी, बाहेर वीज कडाडतेय, आणि तिकडे गावात मास्तरने खुंटीवरची पिशवी काढली. आबा ताडकन उभे. "निघाला! अगं निघाला बघ!" मास्तरने पायात चपला घातल्या आणि लागली जाहिरात. धुळ्याचा फोन आला. "आबा, निघाला!" "निघाला!" दोघंही एवढंच बोलत होते. मीही खुर्चीच्या टोकावर सरकले होते, उगाच कशाला लपवू?

जाहिराती संपल्या. पडदा काळा. त्यावर अक्षरं आली, 'वीस वर्षांनंतर'.

मधल्या सुनेच्या केसांत एक पांढरी बट. अंगावर भारी साडी. तीच आता जिन्यावरून उतरतेय आणि सगळे तिला घाबरतायत. ती देवघरात गेली, हात जोडले आणि बाजूला वळली. भिंतीवर मास्तरचा फोटो. फोटोला चंदनाचा हार.

आबांना समजेना. "हा कुणाचा फोटो?"

"मास्तरचा," मी म्हटलं.

"अगं, आत्ता तर चपला घातल्या त्याने!"

"आबा, मालिकेने झेप घेतली. वीस वर्षांची. असं करतात."

"पण तिला आणायला गेला का तो? पोचला का?"

मला काय माहीत? त्या दिवशी धुळ्याचा फोन पुन्हा आला नाही. आबांनीही केला नाही. इस्त्रीचा शर्ट तसाच अंगावर ठेवून ते बसून राहिले. रिजेक्टसुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मला सुट्टी होती. सकाळीच आबा माझ्या दारात. "गाडी काढ. केबलवाल्याकडे जायचंय." त्यांच्या मते हा सगळा केबलवाल्याचा घोळ होता. मधले भाग त्यानेच गाळले होते. मी पुष्कळ समजावलं, पण ऐकतील तर आबा कसले? बाजारपेठेत केबलवाल्याचं दुकान. नुकतंच शटर वर झालं होतं, तो उदबत्ती लावत होता.

"मधलं दाखव," आबा म्हणाले.

"मधलं काय आबा?"

"वीस वर्षं. महिन्याच्या महिन्याला बिल भरतो मी. मधलं बठ्ठं दाखव."

केबलवाला बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. मग तो हळूच म्हणाला, "आबा, मधलं नसतंच. ते बनवतच नाहीत. डायरेक पुढचं दाखवतात."

"नसतंच?"

"नसतंच."

आबांनी उदबत्तीला हात जोडले. मग बाहेर आले, गाडीवर बसले आणि म्हणाले, "स्टँडवर घे. धुळ्याला जायचंय. तू पण चल, दोन माणसं बरी दिसतात."

मी अंघोळसुद्धा केली नव्हती. तशीच निघाले.

स्टँडवर त्यांनी केळीचे वेफर्स घेतले, लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. बसमध्ये बसलो. एरंडोलनंतर तालीम सुरू झाली. "मी म्हणेन, व्याही, झालं गेलं विसरा. कसं वाटतं?" मी म्हटलं, "पास." पारोळा येईपर्यंत त्यात सुधारणा झाल्या. "का असं म्हणू, चूक दोन्हीकडून झाली?" मी म्हटलं, "रिजेक्ट. तुमचं काय ते बोला, त्यांचं त्यांना बोलू द्या." धुळ्याच्या अलीकडे त्यांनी माझा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

दार व्याह्यांनीच उघडलं. उंच, करड्या मिश्यांचे गृहस्थ. आबांना पाहून ते दोन पावलं मागे सरले. आबांची तालीम कुठच्या कुठे गेली. दोघं एकमेकांसमोर उभे, आणि मध्ये मी वेफर्सची पिशवी धरून.

शेवटी व्याही म्हणाले, "या. बसा." आणि लगेच, "कालचा भाग पाहिला का?"

"पाहिला."

"मास्तरला फोटोत घातला हो."

"हो ना. हारपण घातला."

"वाईट केलं."

"फार वाईट केलं."

दोघं खुर्च्यांवर बसले. पंखा फिरत होता. मला हसू येत होतं आणि रडूही. व्याह्यांनी घसा साफ केला. "मग, आज इकडे कुठे?"

"मुऱ्हाळी म्हणून आलोय. आखाजीसाठी."

व्याह्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "अहो, अजून होळी व्हायचीय!"

"माहीत आहे मला."

"आखाजीला दोन महिन्यांच्या वर आहेत!"

"ते पण माहीत आहे."

व्याही मिशीवरून हात फिरवत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "त्या वेळी मी जे बोललो, ते—"

"ते ॲड लागली की बोलू," आबा म्हणाले.

एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. शनिवारची सकाळची शाळा आटपून लेक आली होती. हेल्मेट हातात, कपाळावर घाम. दारातूनच तिने आबांना पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही झालं. तुला न्यायला आलोय."

"आज?"

"आज."

"आबा, आखाजी कुठे आणि—"

"मधले दोन महिने राहतात का जातात, कुणी सांगावं? काल पाहिलंस ना."

ती दारातून आत आली. मग एकदम बोलायला लागली, आणि तो फोनवरचा आवाज नव्हता. "दर आखाजीला मी दाराकडे कान लावून बसते. शेजारणींचे भाऊ येतात, बाप येतात, सगळ्या जातात. गल्ली रिकामी होते. मी खिडकी लावून घेते. आईच्या हातची शेवटची आखाजी गेली माझी. आणि तुम्हाला अक्कल यायला मालिकेतला माणूस मरावा लागला?"

"हो," आबा म्हणाले.

"लाज नाही वाटत?"

"वाटते. फार वाटते."

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. व्याही उठून आत गेले, पाणी आणायच्या निमित्ताने. ते आणायला त्यांना भलताच वेळ लागला. लेक आबांच्या पायाशी जमिनीवर बसली, हेल्मेट अजून हातातच. नाक ओढत म्हणाली, "ही खेप आखाजीत धरली जाणार नाही. तेव्हा परत यावं लागेल."

"येईन."

"पुतण्याला पाठवायचं नाही."

"मी येईन. दरसाल येईन. पाय आहेत तोवर येईन."

आतून व्याह्यांचा आवाज आला, "आणि आलात की एक मुक्काम करायचा. असं उभ्या उभ्या न्यायचं नाही."

तिने नवऱ्याला दुकानावर फोन केला, दोन साड्या पिशवीत टाकल्या, आणि दुपारच्या बसने आम्ही तिघं निघालो. एका दिवसाचं माहेरपण. सोमवारी तिला शाळा होती. लेक खिडकीशी, शेजारी आबा, मी पलीकडे. तिची पिशवी वर ठेवू म्हटलं तर आबा ठेवू देईनात, दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. कंडक्टर आला, मशीनवर बोट ठेवून म्हणाला, "बोला आबा, कुठे?"

"मनी आंडेर शे," आबा म्हणाले. माझी लेक आहे ही. "घ्यायला गेलो होतो."

मागचे चार लोक माना उंचावून बघायला लागले. लेक खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते, हसत होती का रडत होती देव जाणे. कंडक्टरने मशीन खाली केलं, तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

"बेस केलं आबा," तो म्हणाला. "आता उतरायचं कुठे, तेवढं सांगा."